मुख्याध्यापिका निवृत्त होताना: पालकांशी बोलण्याच्या नोंदी

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका खाजगी अनुदानित हायस्कूलच्या व्यवस्थापन समितीची मी सचिव. 2025 च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत एका वहीत टिपणं ठेवली होती. नावं काढून आणि अक्षर लागत नव्हतं तिथली वाक्यं सरळ करून ती इथे देते आहे. ज्या शाळांवर ही वेळ येणार आहे, त्यांना यातून थोडं आधी सावध होता येईल.

11 जुलै, शुक्रवार

समितीची बैठक. आमच्या मुख्याध्यापिका 31 ऑक्टोबरला साठ वर्षं पूर्ण करून निवृत्त होतात. सतरा वर्षं त्या या खुर्चीवर आहेत. आज दहावीत असलेल्या मुलांनी शाळेत दुसरं कुणी मुख्याध्यापक पाहिलेलंच नाही.

अनुदानित शाळेत समितीने ठराव केला की नेमणूक झाली, असं होत नाही. 1984 चा शालेय शिक्षण कायदा आणि 1986 चे नियम यांच्या चौकटीत काम चालतं. ज्येष्ठता यादी, गोपनीय अहवाल, समितीचा ठराव असा सगळा प्रस्ताव शिक्षण संचालनालयाकडे पर्वरीला जातो आणि तिथून मंजुरी आली की नेमणूक पक्की. मध्ये एखादा कागद कमी निघाला तर फाईल परत येते. ती मंजुरी कोणत्या तारखेला येईल हे आमच्या हातात नाही.

अध्यक्षांचं म्हणणं पडलं की मंजुरी येईपर्यंत पालकांना काही सांगू नये, उगाच चर्चा नको. मीही मान हलवली. तो निर्णय चुकीचा होता आणि त्यात माझा वाटा होता, हे आधीच लिहून ठेवते.

21 जुलै, सोमवार

सकाळी फाटकापाशी बालरथची, म्हणजे आमच्या शाळेच्या बसची, मदतनीस भेटली. सकाळी मुलांना चढवते, दुपारी उतरवते, तीन वाड्यांवरच्या आयांशी रोज बोलते. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, शाळा बंद जातली काय?"

मी हसून नाही म्हटलं आणि ऑफिसात जाऊन बसले. नंतर बराच वेळ हात कामाला लागेना. शाळा बंद होणार हे तिला कुणी सांगितलं? आम्ही कुणालाच काही सांगितलं नव्हतं. त्या मोकळ्या जागेतच ही गोष्ट उगवली होती.

25 जुलै, शुक्रवार

चार दिवस कान उघडे ठेवले. ऐकलेल्या गोष्टी: बाईंना काढून टाकलं. बाहेरच्या तालुक्यातून कुणाला तरी आणणार आहेत, सगळं ठरलं आहे. संस्था आपली प्राथमिक शाळा इंग्रजी करणार आणि मराठी वर्ग बंद होणार.

तिसरी अफवा सर्वांत खोल गेली आहे. गोव्याबाहेरच्या वाचकांना कळावं म्हणून लिहिते. आमच्याकडे चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यम आणि पाचवीपासून हायस्कूल इंग्रजीतून, असा बहुतेक गावांतला प्रवास असतो. प्राथमिकच्या माध्यमावरून या राज्यात फार मोठी आंदोलनं झाली आहेत, घराघरांत त्यावर मतं आहेत. आमच्या संस्थेची प्राथमिक शाळा मराठी आहे, तिची मुख्याध्यापिका वेगळी आहे आणि हायस्कूलच्या निवृत्तीशी तिचा काही संबंध नाही. आम्हाला हे इतकं उघड वाटत होतं की ते कुणाला सांगावं लागेल, हे मनातही आलं नाही. पहिलीत मूल घातलेल्या आईला ते उघड कसं असणार?

1 ऑगस्ट, शुक्रवार

घाईने नोटीस काढली. मसुदा माझाच, इंग्रजीत, कारण हायस्कूलची परिपत्रकं वर्षानुवर्षं इंग्रजीतच निघतात. तीन परिच्छेद. पहिल्यात बाईंच्या सेवेचं कौतुक, दुसऱ्यात नियमांप्रमाणे प्रक्रिया सुरू आहे, तिसऱ्यात पुढची माहिती योग्य वेळी कळवण्यात येईल. मुलांच्या हाती घडी घालून दिली आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फोटो टाकला.

संध्याकाळपर्यंत मला अकरा फोन आले. नोटिशीत नेमकं काय लिहिलं आहे, हेच विचारायला त्यातले सात होते.

4 ऑगस्ट, सोमवार

शिक्षकांच्या खोलीत गेले तर सगळे गप्प. गणिताच्या टीचर एरवी माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "आम्हाला नोटीस मुलांच्या दप्तरातून कळली."

खरंच तसं झालं होतं. छापून आली, शिपायाने वर्गावर्गांत वाटली, आणि ज्या शिक्षिकेने ती वाटून घेतली तिलाही आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. त्याच दुपारी पालक तिलाच फोन करून विचारणार होते. मी माफी मागितली. टीचरांनी ती मान्य केली, पण त्या दिवशी मला चहा विचारला नाही. आमच्या शाळेत ही गोष्ट छोटी नाही.

सहावीच्या वर्गशिक्षिकेने दप्तरं पाहिली. निम्म्याहून जास्त नोटिसा अजून आतच होत्या, पावसात भिजून पुस्तकाच्या कव्हराला चिकटलेल्या.

9 ऑगस्ट, शनिवार

आज दोन वाड्यांवर पायी फिरले. आधी फोन करून, परवानगी विचारून गेले.

एका घरी आजी अंगणात सुपारी सोलत होत्या. सून कारखान्यात पाळीवर. नात आठवीत. मी नोटीस मिळाली का विचारलं तर त्यांनी देवघराच्या फळीवरून ती काढून आणली, नीट घडी घातलेली. "वाचूंक येता म्हाका," त्या म्हणाल्या, "पूण हें इंग्लीश."

त्यांच्या शेजारी त्या दिवशीचं मराठी वर्तमानपत्र पडलं होतं, चष्मा त्यावर ठेवलेला. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव ज्या मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यातल्या एकीत या चौथीपर्यंत शिकल्या. रोज पेपर वाचतात, अग्रलेखसुद्धा. आमच्या परिसरातल्या कितीतरी घरांत कागद वाचणारी, जपून ठेवणारी आणि संध्याकाळी सुनेला समजावून सांगणारी व्यक्ती हीच आहे. आणि तिच्या हाती आम्ही तिला न वाचता येणारा कागद दिला.

दुसऱ्या घरी आई म्हणाली की तिने फोटो मोठा करून पाहिला, फोनवर भाषांतर करायचाही प्रयत्न केला. भाषांतरात "प्रक्रिया सुरू आहे" हे तिला चौकशी सुरू आहे असं वाटलं. म्हणजे बाईंची चौकशी! पहिल्या अफवेला आम्हीच टेकू दिला होता.

घरी येऊन तोच मजकूर मराठीत लिहायला बसले आणि लक्षात आलं की त्यात मजकूर नव्हताच. इंग्रजीत तीन परिच्छेद भरल्यासारखे दिसत होते. मराठीत लिहिताना प्रत्येक वाक्यापाशी आजींचा चेहरा समोर येई आणि मी अडे: कोण? कधी? मग काय?

16 ऑगस्ट, शनिवार

समितीची बैठक, अडीच तास. माझा प्रस्ताव असा होता: दर दुसऱ्या शुक्रवारी पालकांना मराठीत पत्र द्यायचं, सोबत इंग्रजी प्रत. ठरलेलं काय, न ठरलेलं काय, पुढचं पत्र कोणत्या तारखेला. नवीन काही नसलं तरी पत्र निघेल. आणि "लवकरच" व "योग्य वेळी" हे दोन शब्द आमच्या पत्रव्यवहारातून जातील.

अध्यक्ष तयार नव्हते. त्यांची भीती मला तेव्हा अडवणूक वाटली होती. आता वाटतं, तिच्यात तथ्य होतं. ते म्हणाले, "अजून ठरलं नाही असं लिहिलं की शिफारशी सुरू होतील. कुणी पंचायतीतून सांगेल, कुणी त्याच्याही वरून. मग ज्येष्ठता यादीतल्या माणसावर अन्याय होईल." हे त्यांनी वीस वर्षांपूर्वी पाहिलं आहे.

शिवाय एक गोष्ट आम्हाला सांगताच येत नव्हती. यादीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या व्यक्तीने एका खाजगी कारणासाठी विचार करायला मुदत मागितली होती. ते कारण त्या व्यक्तीचं आहे, मी इथेही लिहिणार नाही. तसं पत्रात लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी बाजारात त्यावर बोललं गेलं असतं.

खजिनदारांनी वाट काढली. ते म्हणाले, रस्ता सांगा, माणूस सांगू नका. प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे ते लिहायचं. नावांबद्दल बोलणार नाही हेही लिहायचं, आणि का बोलणार नाही तेसुद्धा. शिफारशींचं उत्तर पत्रातच देऊन ठेवायचं: बढती नियमाप्रमाणे होईल, समितीतल्या कुणाकडेही शब्द टाकू नये. अध्यक्षांनी हे वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे लिहिणार असाल तर सही करतो."

22 ऑगस्ट, शुक्रवार

दुसरं पत्र निघालं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, पाच दिवसांवर आहे आणि ही तारीख आम्ही मुद्दाम धरली. चवथीला मुंबई-पुण्याची माणसंसुद्धा घरी येतात, गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून गावातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलणं होतं. शाळेबद्दल बोलणं होणारच असेल तर खरी माहिती घरात असावी.

क्रम यावेळी वेगळा. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर सगळ्या शिक्षकांना आणि कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना बसवून पत्र वाचून दाखवलं. त्यांनी दोन वाक्यं बदलायला लावली, दोन्ही बदल योग्य होते. शुक्रवारी प्रार्थनेनंतर बाईंनी स्वतः मुलांना सांगितलं. दुपारी बालरथ निघण्याआधी चालक आणि मदतनीस यांना प्रत हातात दिली आणि एकदा वाचून घेतली. मग गटांवर.

पत्राचा गाभा इथे उतरवून ठेवते:

"आपल्या मुख्याध्यापिका वयाची साठ वर्षं पूर्ण करून 31 ऑक्टोबर 2025 रोजी नियमाप्रमाणे निवृत्त होत आहेत. त्यांच्यावर कोणतीही चौकशी नव्हती आणि नाही. नवीन मुख्याध्यापकांचं नाव ठरलेलं नाही. बढतीचा प्रस्ताव तयार होतो आहे, तो शिक्षण संचालनालयाच्या मंजुरीनंतरच पक्का होतो. मंजुरी 31 ऑक्टोबरपर्यंत आली नाही तर शाळेतल्याच एका शिक्षकांकडे प्रभारी म्हणून काम दिलं जाईल, शाळा एक दिवसही मुख्याध्यापकाविना राहणार नाही. प्राथमिक शाळेचे मराठी वर्ग पूर्वीसारखेच चालू राहतील, त्याबद्दल समितीसमोर कोणताही प्रस्ताव नाही. आम्ही कोणत्याही शिक्षकाच्या नावाची चर्चा करणार नाही, कारण तो त्यांच्या सेवेचा आणि खाजगी आयुष्याचा प्रश्न आहे. पुढचं पत्र शुक्रवार, 12 सप्टेंबर रोजी मिळेल."

"चौकशी नव्हती आणि नाही" हे वाक्य घालावं का, यावर बाईंशी बोलले होते. अफवा ज्यांनी ऐकली नाही त्यांनाही ती यातून कळणार होती. बाई म्हणाल्या, "घाला. माझ्या कानावर आलं आहे, म्हणजे सगळ्यांच्या कानावर आलं आहे." त्या हे फार शांतपणे म्हणाल्या, पण सतरा वर्षं एका शाळेला दिल्यावर स्वतःबद्दल असं वाक्य छापून घ्यावं लागणं किती जड जात असेल. ते आमच्या गप्प बसण्यामुळे त्यांच्या वाट्याला आलं.

8 सप्टेंबर, सोमवार

सुट्टीनंतरचे दिवस. कार्यालयात एक वही ठेवली आहे, आलेला प्रत्येक प्रश्न लिहायचा. आमचा अंदाज होता की सगळे "कोण येणार" हेच विचारतील. वही वेगळंच सांगते.

शाळा सोडल्याचा दाखला हवा असेल तर सही कोणाची? दहावीच्या परीक्षेच्या अर्जावर सही कोण करणार, ती बोर्डात चालेल का? शिष्यवृत्तीचा अर्ज अडेल का? बोनाफाईड नोव्हेंबरात लागणार आहे, आत्ताच घेऊन ठेवू का? एका कुटुंबाचं दोडामार्गला घर बांधून होतंय, मुलीला दिवाळीनंतर तिकडच्या शाळेत घालायचं आहे, दाखला दुसऱ्या राज्यात जाणार. प्रभारीची सही महाराष्ट्रातली शाळा मानेल का, हा त्या वडिलांचा प्रश्न.

खुर्चीवर कोण हा आमच्यासाठी मोठा प्रश्न. घरांसाठी मुख्याध्यापक म्हणजे मुलाच्या कागदावरची सही आणि शिक्का. हे मला माझी मुलगी या शाळेत असताना नक्की माहीत असणार. समितीच्या टेबलाशी बसून विसरले.

भागशिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊन अधिकार-पत्राचं विचारून आले. प्रभारीला रीतसर कार्यभार दिला, नमुना सह्या कळवल्या, की दाखल्यांवरच्या सह्या चालतात. ते लेखी स्वरूपात तयार ठेवायचं काम माझ्याकडे.

14 सप्टेंबर, रविवार

शिक्षक-पालक संघाची सभा. शाळेचा हॉल भरला, मागे उभे राहिलेले पालक पावसामुळे आत सरकत होते. 12 तारखेचं पत्र वेळेवर गेलं होतं, त्यामुळे बहुतेकांच्या हातात तो कागद होता.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग एका आईने विचारलं, नावं का सांगत नाही, आमचीच मुलं आहेत ना? अध्यक्षांनी उत्तर दिलं: "उद्या तुमच्या ऑफिसात तुमच्या बढतीची चर्चा सगळ्या गावाने केली तर?" उत्तर बरोबर होतं, पण स्वर चढला होता. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

तेव्हा मागून एक वडील पुढे आले. पूर्वी त्यांचे दोन ट्रक होते. आमच्या भागात हे वाक्य एवढं म्हटलं तरी पुढचं सगळ्यांना कळतं. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं थांबलं. ट्रक दारात उभे, बँकेचे हप्ते चालू. ते म्हणाले की त्या वर्षांत त्यांनी सर्वांत जास्त ऐकलेला शब्द म्हणजे "लवकरच". लवकरच सुरू होईल, लवकरच कळेल. त्या शब्दावर विसंबून त्यांनी एक ट्रक दोन वर्षं विकला नाही आणि शेवटी भंगाराच्या भावात गेला. "कुणी सरळ सांगितलं असतं की आम्हालाही माहीत नाही, तर मी त्याच महिन्यात दुसरं काम बघितलं असतं," ते म्हणाले. मग आमच्याकडे वळून कोकणीत: "कळना जाल्यार कळना म्हूण सांगात, पूण सांगात."

हॉल एकदम शांत झाला. अध्यक्ष उठले, त्यांच्यापाशी गेले आणि हात जोडले. माईकवर येऊन त्यांनी जुलैतला निर्णय सांगितला, की आम्ही गप्प राहायचं ठरवलं होतं आणि ते चुकलं. हे ठरलेलं नव्हतं, मलाही माहीत नव्हतं.

त्यानंतरची सभा कामाची झाली. पालकांनी दोन गोष्टी सुचवल्या आणि दोन्ही घेतल्या. फाटकाजवळ फळा ठेवायचा, ताज्या पत्रातल्या चार ओळी त्यावर, कारण काही घरांत स्मार्टफोन एकच आणि तो वडिलांबरोबर दिवसभर बाहेर असतो. आणि प्रश्नासाठी एकच नंबर, तोही ठरावीक वेळेत, म्हणजे वर्गशिक्षिकांना रात्री दहाला फोन जाणार नाहीत. नंबर माझा दिला. संध्याकाळी सहा ते आठ.

संघाच्या उपाध्यक्षांनी जाताना एक वाक्य टाकलं, ते वहीत घेतलं आहे: मुलांना विचारा. मुलांचं आम्ही खरंच काही विचारलं नव्हतं.

19 सप्टेंबर, शुक्रवार

वर्गशिक्षकांनी मुलांना चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहायला सांगितले, नाव न घालता. बहुतेक चिठ्ठ्या खेळाच्या तासाबद्दल. नवीन सर आले तर फुटबॉलची वेळ जाईल का, संमेलन होईल का. पाचवीतल्या एका चिठ्ठीवर होतं: "बाई आजारी आहेत म्हणून जातात का?" बाईंनी ती चिठ्ठी मागून घेतली आणि पाचवीच्या दोन्ही वर्गांत जाऊन बसल्या. साठ वर्षं म्हणजे काय, निवृत्ती म्हणजे काय, आणि आपण रोज सकाळी नार्व्याच्या रस्त्याने चालायला जातो, ठणठणीत आहोत, हे सांगून आल्या.

27 सप्टेंबर, शनिवार

चूक. पत्र काल, 26 ला जायचं होतं. प्रस्ताव सोमवारी पर्वरीला सादर होणार होता, म्हणून अध्यक्ष म्हणाले की दोन दिवस थांबू, सादर झाला असंच लिहू. मी थांबले. काल संध्याकाळी सहा ते आठ फोन खाली ठेवता आला नाही. कुणी रागावलं नव्हतं. सगळे एकच विचारत होते: पत्र नाही आलं, काही बिघडलं का?

आज सकाळी पत्र काढलं. पहिली ओळ: "हे पत्र काल द्यायचं ठरलं होतं, आम्ही ते थांबवलं, ही आमची चूक झाली." दुसरी ओळ: "प्रस्ताव सोमवारी, 29 तारखेला सादर होईल." पुढच्या पत्रासाठी आता बैठकीची वाट पाहायची नाही, सचिवाच्या सहीने ते निघेल, असा ठराव करून घेतला.

10 ऑक्टोबर, शुक्रवार

पत्रात सांगण्यासारखं काही नव्हतं. तरी गेलं. "प्रस्ताव 29 सप्टेंबरला सादर झाला. त्यानंतर संचालनालयाकडून काही कळलेलं नाही. पुढचं पत्र 17 ऑक्टोबरला, सुट्टीआधी." फळ्यावरही तेच.

फोन फक्त दोन आले. एक दोडामार्गचे वडील, एक चुकीचा नंबर.

17 ऑक्टोबर, शुक्रवार

31 तारीख सुट्टीत येते, म्हणून मुलांसमोर बाईंचा हा शेवटचा दिवस. मंजुरी आलेली नाही. प्रभारी म्हणून विज्ञानाच्या सरांचं नाव आज जाहीर झालं, सरांना आणि सगळ्या शिक्षकांना काल सांगितलं होतं. पत्रात प्रभारी म्हणजे काय ते लिहिलं: कोणत्या कागदांवर त्यांची सही चालेल, त्याची यादी, आणि हे पद तात्पुरतं आहे, पक्क्या नेमणुकीचा निकाल यातून गृहीत धरू नये.

निरोपाचं भाषण बाईंनी टाळलं. त्या सरांना घेऊन प्रत्येक वर्गात गेल्या आणि "हे माझ्यानंतर दार उघडणार" एवढंच म्हणत गेल्या. दहावीच्या मुली रडल्या. सर अवघडले होते, बाईंनी त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा मुलांसमोरच दिला. आम्ही अडीच महिने कागदावर जे लिहीत होतो ते मुलांना त्या जुडग्याने कळलं असावं.

रविवारी रात्री नरकासुर, म्हणजे दिवाळीच्या पहाटे जाळायचे पुतळे. आठवी-नववीचे मुलगे शाळेच्या मागे कागद आणि बांबू घेऊन बसले होते, बाईंनी जाताना त्यांनाही रात्री फार उशीर करू नका म्हणून दटावलं.

31 ऑक्टोबर, शुक्रवार

कार्यभार हस्तांतरण. रजिस्टरं, शिक्के, हजेरीपत्रकं, पगारबिलाची फाईल, बँकेतल्या सह्यांचा बदल. सकाळी साडेनऊला बसलो, दुपारी दोनला उठलो. बाईंनी एक हाताने लिहिलेली वही दिली: कोणत्या मुलाला दम्याचा त्रास आहे, कोणाच्या घरी वडील नाहीत, कोणाला फीसाठी वर्गात विचारायचं नाही. ती सरांनी कपाटात कुलूप लावून ठेवली.

14 नोव्हेंबर, शुक्रवार

शाळा सुरू झाल्यापासूनचं पहिलं पत्र. मंजुरी अजून नाही, एक कागद मागवला होता तो पाठवला. हेही लिहिलं.

दोडामार्गच्या मुलीचा दाखला सरांच्या सहीने गेला. तिकडच्या शाळेने अधिकार-पत्राची प्रत मागितली, ती तयार होती, त्याच दिवशी पोचवली. प्रवेश झाला.

एक तक्रार आली, ती नोंदवते. एका पालकांचं म्हणणं, पत्रं फार झाली, मुलं अभ्यासापेक्षा याचीच चर्चा करतात. त्यांना भेटले. त्यांचं सगळं पटलं नाही, पण मुलांच्या प्रार्थनेत दर वेळी हा विषय काढायची गरज नाही, एवढं पटलं. आता मुलांना फक्त बदल असेल तेव्हाच सांगायचं.

26 नोव्हेंबर, बुधवार

मंजुरीचं पत्र हातात पडलं, दुपारी पावणेतीनला. पत्राचा शुक्रवार परवा होता, पण थांबले नाही. आधी त्या व्यक्तीला फोन, मग प्रभारी सरांना प्रत्यक्ष भेटून. नवीन मुख्याध्यापिका याच शाळेत बावीस वर्षं शिकवणाऱ्या टीचर आहेत. सरांना वाईट वाटलं असेल का, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, उद्या मुलांसमोर मीच देतो.

चारला शिक्षकांची बैठक. साडेचारला बालरथच्या मदतनीसला फोन, बस निघून गेली होती. पाचला गटांवर पत्र, मराठी आधी, इंग्रजी खाली. उद्या सकाळी फळ्यावर.

सहाला फोन वाजला. आजी होत्या, सुपारीवाल्या. सुनेने फोनवर पत्र दाखवलं होतं, त्यांनी स्वतः वाचलं. नवीन बाई त्यांच्या मुलालाही शिकवून गेल्या आहेत, हे सांगायला त्यांनी फोन केला होता. मग म्हणाल्या, कागदावरची प्रत पाठवा, फळीवर ठेवायची आहे.

5 डिसेंबर, शुक्रवार

आजपासूनचं पत्र मुख्याध्यापिका स्वतः काढतील, महिन्यातून एकदा. प्रश्नांची वही त्यांच्याकडे दिली. त्यात 143 प्रश्न आहेत, सहा अजून उत्तरावाचून आहेत, त्यांच्यासमोर लाल खूण केली आहे. दोन घरं अशी आहेत जिथे ना फोन पोचतो ना कागद. मुलं दप्तर घेऊन पायवाटेने येतात आणि आई-वडील दिवसभर बागायतीत असतात. मुख्याध्यापिका म्हणाल्या, रविवारी जाऊन येऊ. साडेनऊला निघायचं ठरलं आहे.